दांडा मोडणाऱ्या मामी

लोक बद्री-केदारहून गंगाजल आणतात, माझ्या मामींनी लसूण आणला. "पाण्याला आपली गोदावरी काय कमी आहे?" असं वर यात्रेतल्या बायकांना ऐकवलंही. नाशिकच्या बंगल्यामागच्या वाफ्यात त्यांनी तो पहाडी लसूण वर्षानुवर्षं पिकवला.

त्याला थंडी लागायची, म्हणून बियाण्याचे गड्डे गणपतीपासून दिवाळीपर्यंत फ्रीजमध्ये असत. दह्यालासुद्धा लसणाचा वास. कुणी नाक मुरडलंच तर मामी म्हणायच्या, "गारठा लागल्याशिवाय पाकळ्या पडत नाहीत." हाच नियम त्यांनी नव्या सुनेला लावला. सुनंदावहिनी निफाडची. लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात पहाटे तिला मागच्या अंगणात भांडी घासायला बसवलं. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. तिला गरम पाणी नेलं, तर मामींनी माझ्या हातून बादली घेऊन मोरीत ओतली. मला मात्र ताटात तूप जास्त. भाचीशी त्या कधी वाईट वागल्या नाहीत, खोटं कशाला बोलू?

माघात त्या लसणातून काठीसारखा दांडा निघे. मामी तो चिमटीत धरून कट्‌कन मोडत. "शेंडा मिरवायला लागला की खाली गड्डा भरत नाही." मोडलेल्या दांड्यांची भाजी त्यांच्यासारखी कुणालाच जमली नाही.

वहिनीचं डी.एड. झालं होतं. एका शाळेनं तिला नोकरीला बोलावलं. रुजू व्हायच्या सकाळी ती नवी साडी नेसून वाफ्यापाशी मामींच्या पाया पडायला आली. मामींनी मानही वर केली नाही.

"हे दांडे चिरायला घे. शाळेत मी कालच फोन करून नाही म्हणून सांगितलंय."

तिचा नवरा, प्रकाशदादा, पेपरात तोंड खुपसून बसला होता. वहिनीनं त्या नव्या साडीतच विळी घेतली.

पुढे काही वर्षांनी मामींना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावा हात तेवढा हलायचा. वहिनीनं सेवा अशी केली की कॉलनीतल्या सासवा आपल्या सुनांना तिचा दाखला देत. मामींच्या पाठीला एक फोड येऊ दिला नाही तिनं.

मी माघात भेटायला गेले, तेव्हा खाट मागच्या दारात, वाफ्याकडे तोंड करून लावलेली होती. वाफ्यातले सगळे दांडे ताठ उभे होते, टोकाला फुलांचे गोंडे. एकही मोडलेला नव्हता. मामींची डावी चिमूट हवेत सारखी काहीतरी मोडत होती आणि डोळ्यांना धार लागली होती.

मी वाफ्याकडे जायला उठले.

"बसा वन्सं," वहिनी अगदी गोड आवाजात म्हणाली. "आईंना बघायला आवडतं. रोज इथंच बसवते मी त्यांना."

तिनं मामींचे डोळे पुसले, तो हात गोधडीखाली नीट सारला. तो पुन्हा बाहेर आला.

मामींवर माझा फार जीव होता. तरी मी खाली बसले.