पॅट्रिक डेव्हेनी कुणाचा?

माझी नणंद अर्डिस डेव्हेनी हिचा कुणावरच विश्वास नव्हता. खाटकाच्या तराजूवर नव्हता, पाद्रीबाबांच्या आजारपणावर नव्हता, आणि तिच्या भावाशी माझं लग्न झालं तेव्हा माझ्यावर तर मुळीच नव्हता. जन्मभर तिनं हातमोज्यांच्या कारखान्यात शिवण तपासली. दोरा कुठे सुटलाय ते बघायची डोळ्यांना जी सवय लागली ती लागलीच. लग्न केलं नाही. "विचारलं होतं दोघांनी," ती म्हणायची, "पण का विचारलं ते कळेना."

दर ऑगस्टमध्ये गावच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये डेव्हेनींचा मेळावा भरायचा. हॅम, बटाट्याचं सॅलड, पीच भरून भाजलेले गोड पीच-पाय, आणि शेवटी चुलतभाऊ ऑरिनचं भाषण. मूळपुरुष ह्यू आयर्लंडमधून, डेरीच्या बंदरातून जहाजानं आला, डोंगर ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या या टोकाला पोचला, त्याला तीन मुलगे झाले: जेम्स, डॅनियल आणि पॅट्रिक. ऑरिन जेम्सच्या वंशातला, अर्डिस आणि माझा नवरा पॅट्रिकच्या. ऑरिननं या सगळ्याचं एक पुस्तकही छापलं होतं.

कारखान्यातून निवृत्त झाली त्या वर्षी भाषण संपल्यावर अर्डिसनं विचारलं, "ह्यूच्या बायबलात मुलांचे जन्म लिहिलेत म्हणे. दाखव की एकदा."

"ते जळालं गं. अठ्ठावनच्या आगीत."

"आग गोठ्याला लागली होती ना? बायबल काय गाईंना वाचून दाखवायचास?"

लोक हसले. ऑरिन लाल झाला आणि पीच-पाय कुणाला हवाय म्हणून विचारत सुटला. झालं, अर्डिसला धागा सापडला.

माझा नवरा तोवर गेला होता. गाडी माझ्याकडे होती आणि अर्डिसला चालवता येत नव्हती, तेव्हा ड्रायव्हर मी. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेते असा तिला संशय होताच.

आधी आम्ही अठराशे सालची खानेसुमारी पाहिली. त्या काळच्या खानेसुमारीत फक्त घरच्या कर्त्याचं नाव, बाकीची माणसं नुसती आकड्यात. ह्यूच्या घरात दहा वर्षांखालचे मुलगे तीन.

"बरोबर आहे की," मी म्हणाले.

"नावं कुठायत? तीन पोरं कुणाचीही असतील."

मग कोर्टाच्या तळघरात ह्यूचं मृत्युपत्र मिळालं. वरचं शेत 'माझा मुलगा जेम्स' याला. घराजवळचं 'माझा मुलगा डॅनियल' याला. आणि ओढ्याकडचं पॅट्रिकला. अर्डिसचं बोट तिथंच थांबलं.

"'माझा मुलगा' कुठे गेलं इथे?"

"लिहिणारा कंटाळला असेल."

"दोनदा लिहून?" तिनं पर्समधून ऑरिनचं पुस्तक काढलं. त्यात तेच मृत्युपत्र छापलेलं, आणि स्पष्ट: 'माझा मुलगा पॅट्रिक'. "त्यानं शब्द घुसडलाय, मॅज. मेल्यानं बेमालूम घुसडलाय."

परत येताना मी म्हटलं, "अगं, तुला घराण्यातून काढायचं असतं तर त्यानं शब्द गाळला असता. घातला कशाला असता?"

"तेच तर मला आवडत नाहीये," ती म्हणाली. "चल त्याच्याकडे."

ऑरिन अंगणात जाळीचं दार दुरुस्त करत होता. अर्डिसच्या हातातली मृत्युपत्राची नक्कल पाहून त्यानं हातोडी खाली ठेवली. आत गेला आणि बायबल घेऊन आला. कडा पिवळ्या, पण जळाल्याची खूण कुठेच नाही. जन्मांच्या पानावर जेम्स होता, डॅनियल होता, दोन मुली होत्या. पॅट्रिक नव्हता.

"आजीनं मला सांगितलं होतं," ऑरिन म्हणाला. "डोंगरातल्या वाटेवर एक आयरिश जोडपं तापानं मेलं. पोर तेवढं वाचलं. ह्यूनं ते घरी आणलं. आजीनं बजावलं होतं, पॅट्रिकच्या लोकांना हे कधी कळू द्यायचं नाही. उद्या कुणी भांडणात तोंड वर करून म्हणेल, तू कोण आमचा?"

"तुझ्या आजीनं पाहिलं होतं?"

"तिला तिच्या आजीनं सांगितलं."

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही. पोर ह्यूचंच नसेल कशावरून? दुसऱ्या बाईचं?"

"अर्डिस, देवासाठी! जन्मभर तुला आपली म्हणत आलो मी."

"तू म्हणतोस. बायबल म्हणत नाही."

पुढच्या मेळाव्यात तिनं ऑरिनला मृत्युपत्र होतं तसं वाचायला लावलं. भडकले ते आमचेच लोक. माझा मुलगा डेल म्हणाला, "काय मिळवलंस आत्या? आता आम्ही कोण?"

"तेच तर शोधतेय."

पॅट्रिकची निम्मी मंडळी आपापली भांडी उचलून निघून गेली. जेम्सकडच्या बायका मात्र एकेक करून अर्डिसच्या टेबलावर पीच-पाय आणून ठेवू लागल्या. "दया दाखवतायत," ती माझ्या कानात पुटपुटली. खाल्ला मात्र सगळा.

त्यानंतर ऑरिनही आमच्याबरोबर यायला लागला. डोंगरातल्या वाटेवरच्या गावांची जुनी दप्तरं दोघं वाचायची. त्यानं वाचलेलं पान ती पुन्हा वाचायची, आणि तिनं वाचलेलं तो. अनाथ पोरांच्या एका नोंदवहीत ऑरिनला दोन ओळी दिसल्या: मुलगा, अंदाजे तीन वर्षांचा, आयरिश, आईबाप तापानं मृत; पश्चिमेकडे जाणाऱ्या एका गृहस्थाकडे दिला. ना मुलाचं नाव, ना गृहस्थाचं.

ऑरिनचे डोळे भरून आले. "हाच तो."

"असेल. नसेलही," अर्डिस म्हणाली. "छापू नकोस."

गाडीत बसल्यावर मात्र तिनं चष्मा काढला. "तीन वर्षांचा, मॅज. आपलं नाव सांगता येत असेल त्याला. कुणी विचारलंच नसेल."

ते नाव आम्हाला शेवटपर्यंत मिळालं नाही. काही वर्षांनी ऑरिन गेला. चर्चमध्ये त्याची मुलगी आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "अर्डिस आत्या, पुढे चला. घरच्यांच्या रांगेत."

"हे कुणी ठरवलं?"

"बाबांनी."

"कधी? शुद्धीत होता का?"

"चांगले शुद्धीत होते. म्हणाले, ती विचारेल."

अर्डिसनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, हातातला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुढे जाऊन बसली.