एका गाडीचा पूल
परवा गोव्यात, साखळी गावाच्या रस्त्यावर माझ्या पुढे गवताने भरलेला टेम्पो होता. त्या वासाने आमच्या नदीवरचा जुना दगडी पूल आठवला आणि सकाळ बिघडली.

पूल शेकडो वर्षांचा, एका गाडीपुरताच रुंद. आधी चढेल त्याने पुढे जायचं, दुसऱ्याने मागे व्हायचं, ही रीत. मी दहावीत होते तेव्हा गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून आंदोलन पेटलं होतं. बाबा मराठीवाले, नदीपलीकडचा बाबनी कोंकणीवाला. दोघांनी बोलणं टाकलं होतं. बाबा मला जीपने दहावीच्या गणिताच्या पेपरला नेत होते. बाबनीची गवताची बैलगाडी पुलाच्या मध्यावर आली होती, तरी बाबांनी जीप आत घातली.

"गाडो फाटीं घे रे!" गाडा मागे घे म्हणून बाबा ओरडले, तेही घरच्या कोंकणीतच.

"बैल कधी फाटीं वतात? तुझ्या जीपीक रिवर्स ना?"

"आसा, पूण तुज्या खातीर ना!" रिव्हर्स आहे, पण तुझ्यासाठी नाही, असं बाबांनी सुनावलं.

मी रडले, हात जोडले. शेवटी उतरून धावत सुटले. पोचले तेव्हा वर्गाचं दार बंद झालं होतं.

मागे हटले नाहीत म्हणून संध्याकाळी गावाने बाबांना हार घातला. मीही तेव्हा बाबनीलाच शिव्या दिल्या. आज मी स्वतः गाडी चालवते. तिथून जीप मागे घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं.