पालथी काच: मुलुंड ते अंधेरी, एका दारासाठी

गुरुवारची सकाळ होती. पाणी भरून झालं होतं, डाळ शिजत होती आणि मागच्या अंगणात मी लोणच्याच्या बरण्या उन्हात मांडत होते. तेवढ्यात पुढच्या बाजूला काच फुटल्याचा आवाज झाला. धावत गेले तर शेजारच्या तबेल्यातली एक म्हैस आमच्या गाडीच्या दारात शिंग अडकवून उभी. ड्रायव्हरच्या बाजूची काच सगळी सीटवर सांडलेली. म्हैस अगदी शांत होती. ओरडत होते ती मी.

गाडी ह्यांची. जुनी, काळी, विलायती. ह्यांनीच मला चालवायला शिकवलं, लायसन काढून दिलं, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर मी स्टेशनच्या पुढे गाडी नेलीच नव्हती. धाकटे दीर ती विकायचं म्हणत होतेच. फुटलेलं दार बघून म्हणाले, "वहिनी, विलायतेहून काच येईपर्यंत आत कोंबड्या अंडी घालतील. रविवारी ठाण्याचं गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू."

"रविवारपर्यंत काच बसली नाही तर द्या," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेला, मग परत घेता येईना.

शुक्रवारी मी डाव्या दाराच्या धड काचेवर वर्तमानपत्र धरलं, कोळशाने कड काढली आणि ब्लाउजचा कापावा तसा नमुना कापला. उजव्या दारात तळाच्या पट्टीत जुन्या काचेचा तुकडा अडकून राहिला होता. त्यावरून काच पट्टीत किती खोल जाते ते मोजून खाली तेवढा कागद वाढवला.

शनिवारी सातला निघालो. सोबत नणंद, कुसुम. आग्रा रोड घाटकोपरपर्यंत बरा आहे, फक्त भांडुपच्या आसपास बैलगाड्यांमागे धीर धरावा लागतो. काच नसलेल्या दारातून एवढी धूळ आली की कुसुम म्हणाली, "वहिनी, आरशात बघू नकोस. दोघी म्हाताऱ्या झालोय."

घाटकोपरच्या गॅरेजवाल्याने दार बघितलं, नंतर मला बघितलं. "गाडी कोणी आणली?"

"मी."

"काच तीन महिन्यांनी येईल. साहेबांना पाठवा."

कुसुम काही बोलायच्या आत मी गाडी सुरू केली.

कुर्ल्याला भंगारवाल्याकडे दीड तास गेला. शेवटी लॉरीची पुढची सपाट काच मिळाली, एका बाजूने आत चीर गेलेली. त्यानेच अंधेरीच्या काच कापणाऱ्याचा पत्ता सांगितला. कुर्ल्याहून अंधेरीचा रस्ता मला फार आवडला. मरोळपर्यंत दोन्हीकडे शेतं, मध्येच डोक्यावरून खाली उतरणारं विमान. जाणाऱ्यांनी पाणी बरोबर घ्यावं. अंधेरी स्टेशनबाहेर दोन आण्यांत ऊन ऊन बटाटेवडे मिळाले, ते उभ्यानेच खाल्ले.

काच कापणारे तातू मेस्त्री मालवणकडचे, साठीचे. त्यांनी माझा कागद काचेवर ठेवला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला आणि मान हलवली.

"बसाचा नाय, बाय. कोपऱ्यात चीर येता."

कुसुमने माझ्याकडे बघितलं. दुसरी काच शोधायला वेळ नव्हता. मीही कागदाकडे बघत राहिले. कापड अपुरं पडलं की मी काय करते? नमुना फिरवते. पण कापडाला उलट-सुलट असतं, म्हणून ते दर वेळी जमत नाही.

"मेस्त्री, कागद पालथा घाला."

"पालथो घातलंय तर ती डाव्या दाराची काच होतली. तुमका उजव्याची व्हयी ना?"

"कापा तर खरी. मग काच पालथी करा. ते काय छापील कापड आहे?"

मेस्त्रींनी आपलाच तळहात पालथा करून बघितला. मग कागद पालथा केला. अग्रलेख खाली गेला, साबणाची जाहिरात वर आली, आणि चीर कागदाच्या बाहेर राहिली. दोन बोटं बाहेर!

"अगो बाय माझे!" मेस्त्री हसायलाच लागले. "चाळीस वर्सां काच कापतंय. आज शिकलंय."

त्या काचेत दोन थर असतात आणि मध्ये पारदर्शक पापुद्रा. मेस्त्रींनी दोन्हीकडून काच कापायची हिरकणी ओढली, फटीत स्पिरिट सोडून काडी लावली. निळी ज्योत पळत गेली तशी कुसुम किंचाळली. पापुद्रा मऊ झाल्यावर पात्याने कापला. कडा घासल्या, तळाला नवं रबर घालून काच दारात बसवली. दार लावून मी हँडल फिरवलं. काच वर आली आणि कडेला अलगद टेकली.

मेस्त्री खुशीत येऊन म्हणाले, "हयचो रंग गेलोहा, ब्रश मारतंय."

खिडकीच्या खालच्या कडेवर वीतभर रंग उडालेला होता. तिथे ह्यांचं कोपर असायचं.

"तो राहू दे," मी म्हटलं.

दिवेलागणीच्या आत घरी आलो. एकूण खर्च अकरा रुपये, पेट्रोल धरून.

रविवारी भाऊजींनी काच तीनदा वर-खाली केली आणि नखाने टिचकी मारून बघितली. "कोणी बसवली?"

"मेस्त्रींनी. शिकवलं वहिनीने," कुसुम म्हणाली.

गिऱ्हाईक चहा पिऊन ठाण्याला परत गेलं.

ह्यांच्याशिवाय घर अजून मोठंच वाटतं. ते काही काचेने भरलं नाही. पण आता मुलुंडच्या पुढचे रस्ते माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, कुसुमला हाक मारली आणि गाडी पार समुद्रावर, मार्व्याच्या धक्क्यापर्यंत नेली. काच सबंध रस्ता खालीच ठेवली, आणि कोपर बाहेर.