शिंकाळ्याचं कार्ड

ॲन आर्बरच्या लायब्ररीत एक वृद्ध जर्मन गृहस्थ मराठी शब्दांच्या मुळांचा कोश रचतात. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न, "आपण हे कोणाच्या तोंडून ऐकलंत?"

बारा वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं, तेव्हा 'शिंकाळं' हा शब्द कुठून आला, ते मला ठाऊक नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी मनानेच एक मूळ रचलं आणि "आईकडून ऐकलं" असं ठोकून दिलं.

माझं खोटं कोशात छापलं जाईल या धास्तीने परवा ते कबूल केलं. त्यांनी शांतपणे कार्ड काढलं. माझ्या उत्तराखाली फिकट पेन्सिलीत लिहिलं होतं : 'सांगताना नजर चुकवली. थांबावे.'

"बारा वर्षं थांबलात?"

"बसा," ते म्हणाले. "आईच्या शिंकाळ्यात काय असायचं?"

"लोणी," मी म्हणालो, त्यांच्या डोळ्यांत बघून.