पानशेतच्या रेषेबाहेरचं घर

माझ्या बाबांनी घर घेताना भाव शेवटी विचारला. पहिला प्रश्न एकच असायचा, "पानशेतला इथं पाणी कुठवर होतं?" एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते नदीकाठच्या एका पेठेत भाड्याच्या खोलीत राहत होते. खोली गेली, भांडीकुंडी गेली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ते एका शाळेच्या गच्चीवर दोन दिवस बसून होते. त्यानंतर पुण्यातली कुठलीही भिंत ते साध्या नजरेने बघू शकले नाहीत. भिंत दिसली की पाणी किती वर आलं असेल, हेच डोक्यात.

पुढे नोकरीत स्थिरावल्यावर ते रविवारी गल्लीबोळांतून हिंडायचे आणि दुकानदारांना, म्हाताऱ्यांना पुराची पातळी विचारायचे. कोणी कमरेएवढं सांगे, कोणी पहिल्या मजल्याएवढं. आपल्या गल्लीत पूर शेजारच्या गल्लीपेक्षा कमी आला होता, असं कबूल करणारा पुणेकर त्यांना भेटला नाही. तरी त्यांनी सगळ्यांचं ऐकून, वजावट करून एक रेषा ठरवली आणि त्या रेषेच्या पलीकडे, नदीपासून बरंच आत, तळमजल्यावरचं घर घेतलं. "इथं पाणी येत नाही," असं ते पाहुण्यांना चहाआधी सांगायचे.

घरामागे एक ओढा होता. टेकडीवरून यायचा, उन्हाळ्यात आटायचा. माझ्या लहानपणी तो उघडा होता. पुढे त्याच्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर गाड्या उभ्या राहायला लागल्या, मग टपऱ्या आल्या. ओढ्याचं पाणी कुठवर येतं, हे बाबांनी कधी कोणाला विचारलं नाही. त्याला पूर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि जे आठवत नाही ते घडत नाही, अशी आमच्याकडे एकूणच समजूत.

माझं लग्न होऊन मी सदाशिव पेठेत राहायला आले, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात आई मोरीत पाय घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन तिच्या हृदयाला झेपणार नाही म्हणाले. म्हणून घरीच पलंगावर, पायाला दोरी बांधून, दोरीच्या टोकाला विटा लटकवलेल्या. दोरी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई उठू शकत नव्हती, दाराची कडी काढू शकत नव्हती. बाबा बाहेर जाताना दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात घालायचे. दुसरी किल्ली करा, वरच्या मजल्यावरच्या चाचींकडे ठेवा, असं मी म्हटलं होतं. "मी काय गावाला जातो का?" इति बाबा.

त्या रविवारी पाऊस सकाळपासून थांबत नव्हता. आईला जेवायला घालायला म्हणून मी डबा घेऊन निघाले, तर पुलावर बसच हलेना. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि अख्खं पुणं पाणी बघायला आलं होतं. हे आमचं एक व्रतच. कठड्याला टेकायचं, नदीतला बुटका पूल बुडाला का ते बघायचं, काठावरच्या देवळाच्या किती पायऱ्या उरल्या त्यावर वाद घालायचा. मी उतरून चालायला लागले. गर्दीत बाबा दिसले. छत्री बंद, कारण छत्रीने मागच्यांना दिसत नाही म्हणून कोणीतरी टोकलं होतं. चार अनोळखी माणसांना ते पाणी समजावून सांगत होते.

"आई एकटी आहे?" मी विचारलं.

"झोपली आहे. अगं, हे काहीच नाही. हे पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी यायला याच्या दुप्पट सोडावं लागेल."

"किल्ली द्या."

"मी आलोच तुझ्या मागोमाग. तू हो पुढे."

मला राग आला, पण पुलावर चारचौघांत बापाशी भांडायची आमच्याकडे पद्धत नाही. मी पुढे निघाले.

आमच्या गल्लीत नदीकडून काहीच आलं नव्हतं. तोंडाशी रस्ता नुसता ओला होता. मी निम्म्या गल्लीत पोचले तेव्हा पाण्यात पाय पडला, आणि ते पाणी समोरून, घराच्या बाजूने, माझ्याकडे येत होतं. गढूळ, घाण वासाचं. क्षणभर काही कळलंच नाही. मग स्लॅबखालचा ओढा आठवला. नदी भरली होती, ओढ्याला नदीत शिरायला जागा नव्हती, आणि तो मागे फिरून आमच्या मोऱ्यांतून, गटारांतून वर येत होता. गल्लीत एकही पुरुष दिसेना. सगळे पुलावर.

घराशी पोचेपर्यंत पाणी माझ्या मांडीपर्यंत आलं होतं. आमचं जोतं मुळातच बुटकं, त्यामुळे आत काय असेल ते कळत होतं. दारापाशी वरच्या मजल्यावरचे चाचा उभे होते. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं, साठीचे, हाडकुळे. हातात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, त्याने ते कोयंड्याचे स्क्रू काढायला बघत होते. तो सारखा खाचेतून निसटत होता.

"ताई, किल्ली आणलीत?"

"नाही. चाचा, दार मोडा."

"मी मघाशीच मोडणार होतो. मेन स्विच बंद केला आणि आलोच. पण वहिनी आतून नको म्हणतात."

मी दारावर दोन्ही हात आपटले. "आई!"

"आलीस का?" आतून आईचा आवाज आला, नेहमीसारखा. "दार नका मोडू गं. हे पाणीच बघायला गेलेत. येऊन सांगतील काय ते."

मी आयुष्यात आईवर इतकी कधी ओरडले नव्हते. काय ओरडले ते आठवत नाही. चाची जिन्यावरून वरवंटा घेऊन आल्या. तो चाचांच्या हातातून पाण्यात पडायची भीती, म्हणून मीच घेतला आणि कोयंड्यावर घातला. दोन घाव फुकट गेले, एक माझ्या बोटावर बसला. मग कोयंडा सुटला, पण दार उघडेना, आतल्या पाण्याचा दाब होता. तिघांनी खांदे लावले.

आत पाणी गादीला टेकलं होतं. आई छताकडे बघत पडली होती, दोन्ही हात छातीवर. पलंगाच्या पायथ्याशी दोरी सरळ पाण्यात गेली होती, विटा दिसत नव्हत्या. "मघापासून पाय जरा हलका वाटतोय," ती म्हणाली. विटा बुडल्या होत्या, म्हणून ओढ कमी झाली होती. ते मला कळलं आणि मी दोरीला हात घातला.

दोरीची गाठ भिजून घट्ट झाली होती. स्वयंपाकघरात विळी शोधायला जायला वेळ नव्हता, आणि ती असती तरी पाण्याखाली. चाचांनी तोच स्क्रू-ड्रायव्हर गाठीत घालून ती पिळून पिळून सैल केली. चाचींनी डोक्यावरची ओढणी काढली, आईच्या दोन पायांमध्ये उशी घातली आणि पाय एकत्र बांधले. मग घोंगडीवर घेऊन आम्ही तिघांनी तिला उचललं. पायाशी चाचा, डोक्याशी मी, मध्ये चाची. जिन्याच्या वळणावर पाय कठड्याला लागला आणि आई पहिल्यांदा ओरडली. मी थांबले. "थांबू नका," चाची म्हणाल्या, "खाली बघा." खाली उघड्या दारातून दिसत होतं, पलंग हलला होता. गादी वर उचलली गेली होती आणि भिंतीला लागून तरंगत होती.

चाचांच्या पलंगावर तिला ठेवलं तेव्हा माझे हात उघडेनात. चाची तिचं अंग पुसत होत्या, मी नुसती उभी होते. मला आईच्या जिवाची इतकी भीती वाटली होती की ती वाचल्याचा आनंद व्हायलाही वेळ लागत होता. आणि राग तर मावत नव्हता. बाबा येतील तेव्हा काय काय बोलायचं, ते मी मनात रचत होते. एकही शब्द सोडणार नव्हते.

बाबा आले ते छातीपर्यंत भिजून. खालचं उघडं दार, आतलं पाणी, रिकामा पलंग, हे सगळं त्यांनी वर येण्याआधी एकट्याने बघितलं असणार. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. किल्ली हातात होती, मूठ घट्ट. दारातच थांबले. चाचांच्या घरात पाऊल टाकावं की नाही, हेही त्यांना कळत नसावं.

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. तिच्या टोमण्याचा सूर मी जन्मभर ऐकला होता. हा तो नव्हता. ती खरंच विचारत होती.

"अहो, किती येईल हो अजून?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.

पाण्याबद्दल हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. मी रचलेलं सगळं तिथेच राहिलं. आईने हात लांब करून त्यांची मूठ धरली.

"बसा," ती म्हणाली. "ओले आहात."