कोरवरचे सहा ठिपके

कळंबमध्ये रहमत उस्तादाचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही. ट्रकचा टर्बो बिघडला की गाडी आपोआप त्याच्या दारात येऊन उभी राहते. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. त्याच्या आतल्या गाभ्याला सगळे कोर म्हणतात: एक दांडा, दोन टोकांना दोन चाकं, मध्ये तेलात फिरणारं बेअरिंग. बावन्न वर्षांचा रहमत तो दांडा दोन बोटांत धरतो, हलवतो, डोळे मिटतो आणि अजून किती दिवस चालेल ते सांगतो. बहुतेक वेळा खरंही ठरतं, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही आहे.

त्याची एक सवय पंचक्रोशीत ठाऊक आहे. बसवलेल्या प्रत्येक कोरवर तो छिन्नीनं तीन ठिपके मारतो. लोक काही कमी लबाड नसतात. दुसरीकडचा सडका कोर आणून "तूच बसवला, बदलून दे" म्हणणारे त्यानं पुष्कळ पाहिले. ठिपके असले की वाद नाही.

त्या दिवशी सकाळी दहाला धावजीचा टिप्पर दारात आला तो किंचाळतच. आठवड्यापूर्वीच रहमतनं त्यात नवा कोर बसवला होता. धावजीनं चावी बंद केली, तरी इंजिन थांबेना. आवाज चढतच गेला, धुरानं रस्ता भरला, आणि धावजी उडी मारून पळाला.

"उस्ताद, हे बंद काहून नाही होऊन राह्यलं?"

रहमतला कारण कळलं. कोर फुटून तेल थेट इंजिनात जात होतं. इंजिन आता डिझेलवर नाही, स्वतःच्याच तेलावर चाललं होतं. त्याला चावी काय करणार? त्याची हवाच तोडायला हवी होती. दुकानामागंच घर. रहमत स्वयंपाकघरात घुसला आणि बायकोच्या, जैबुनबीच्या, पुढ्यातलं पोळपाट उचललं.

"अजी, चकला कायको लेके चले?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. त्यानं हवेचा जाड पाइप उपसला आणि उघड्या तोंडावर पोळपाट दाबून धरलं. इंजिन दोनदा हादरलं आणि मेलं.

धावजी भिंतीला टेकून खाली बसला. रहमतला मात्र बाबूसिंग आठवला. तसल्याच खोक्यातला दुसरा कोर त्यानं परवा बाबूसिंगच्या ट्रकात बसवला होता. आज तोच ट्रक मारेगावहून कापसाच्या गाठी भरून यायचा होता, आणि कळंबच्या पुढं घाट होता. सपाटीवर जे दारात झालं, ते उतारावर भरल्या गाडीत झालं तर बाबूसिंग वाचणार नव्हता.

त्यानं फोन लावला. बंद. बंदच असणार. बाबूसिंगचा धाकटा भाऊ चालत्या गाडीत फोनवर बोलता बोलता गेला. तेव्हापासून बाबूसिंग गाडीत बसला की फोन बंद करून पत्र्याच्या पेटीत टाकतो. मारेगावच्या जिनिंगमधून कळलं, गाडी आठलाच सुटली.

मग त्यानं, हे कोर ज्याच्याकडून आणले होते, त्या यवतमाळच्या दुकानदाराला फोन लावला. तो माल कुठं बनतो ते कळलं असतं, तर निदान तो किती सडका आहे, सगळाच तसा आहे का, हे तरी कळलं असतं.

"बाहेर देशचा माल हाये, उस्ताद. एक नंबर."

"कोणत्या देशचा?"

"ते मले काय मालूम? नागपूरवाल्याले विचारा."

नागपूरवाला म्हणाला, दिल्लीहून येतो, आणि त्यानं फोन ठेवला. खोक्यावर चकचकीत होलोग्राम होता, आणि गावाचं नाव असायला हवं तिथं शाईचा काळा डाग. सगळ्यांनी हात झटकले होते.

तोवर धावजीनं गार झालेला कोर खोलून समोर ठेवला. रहमतनं त्यावर पेट्रोलचा बोळा फिरवला. चंदेरी रंग निघून आला. तेलाच्या भोकाशेजारी त्याचे तीन ठिपके लखलखत होते, आठवड्यापूर्वीचे. आणि बोटभर अंतरावर, रंगाखालून, आणखी तीन ठिपके वर आले. जुने, गंजलेले, पण त्याच छिन्नीचे. तिसरा जरा तिरका, कारण त्याचा हात तिसऱ्या ठोक्याला नेहमीच हलतो.

हा कोर त्यानं कधीतरी बसवला होता, मेला म्हणून काढला होता आणि भंगारवाल्या बंटीला दिला होता. घासून, रंगवून, नव्या खोक्यात बसून तो परत आला होता.

त्याच्या उस्तादाचा दंडक होता: काढलेला कोर हातोड्यानं वाकवूनच टाकायचा. रहमतनं वीस वर्षं तो पाळला. दोन वर्षांपूर्वी बंटी म्हणाला, "साबूत द्या ना उस्ताद, मोडलेलं लोखंड पोतं फाडते." रहमतनं हातोडा ठेवून दिला. मेलेला कोर कुणाला साबूत कशाला हवा, असं त्यानं विचारलंच नाही. त्याला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. खांदा दुखत होता आणि बंटीचं म्हणणं सोयीचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता बोंब मारणार तरी कुणाच्या नावानं?

तो पोळपाट पिशवीत टाकून मोटरसायकलवर बसला. भरली गाडी घेऊन बाबूसिंग कळंबच्या चिंतामणी गणपतीला नारळ दिल्याशिवाय पुढं जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. देवळाशी नारळ विकणाऱ्या भागीरथाबाईनं हात उडवला.

"बाबूसिंगभाऊ? आत्ताच तर गेलते ना नारळ फोडून. पंधरा मिनिटं झाली असतीन."

रहमतनं यवतमाळच्या रस्त्यावर मोटरसायकल पिळली. घाटाच्या चढावर गाठींनी भरलेला ट्रक दिसला, आणि मागं निळा धूर. निळा धूर म्हणजे तेल जळू लागलंय. तो ट्रकला समांतर आला, हात हलवू लागला, ओरडू लागला.

"थांब! बाबूसिंग, गाडी थांबव!"

बाबूसिंग हसला. भरली गाडी चढावर थांबवायची नाही, हा ट्रकवाल्यांचा धर्म. त्यानं हातानंच खूण केली: वर, माथ्यावर थांबतो. पण माथ्यानंतर लगेच उतार होता, आणि इंजिनाचं डोकं फिरलं तर गाडी माथ्यावर थांबणार नव्हती. रहमत पुढं निघून गेला. माथ्याच्या जरा अलीकडं त्यानं मोटरसायकल रस्त्यात आडवी टाकली आणि स्वतः तिच्यापुढं उभा राहिला.

ब्रेक करकरले. ट्रक चार हातांवर थांबला. बाबूसिंग शिव्या देत खाली उतरला.

"मराले आला काय बे? चढावर गाडी थांबवाले लावतं?"

"चावी बंद कर आधी."

बाबूसिंगनं चढून चावी फिरवली. इंजिन बंद झालं नाही. उलट किंचाळू लागलं. रहमतनं पाइप उपसला, पोळपाट दाबलं. इंजिनानं ते असं ओढलं की मधोमध तडा गेला, पण रहमतनं सोडलं नाही. आवाज चिरकला, खाली आला, थांबला.

बाबूसिंगनं चाकांमागं दगड लावले. मग केबिनमधून नारळाचा तुकडा आणला आणि रहमतच्या तळहातावर ठेवला.

"माह्या लेकराईचं नशीब, रहमत. देवासारखा आला तू." तो म्हणाला. "पण हा माल कुठं बनते, सांग मले. त्या हरामखोराले मी सोडत नाही."

रहमतच्या हातात प्रसाद तसाच होता. दुकानदार, नागपूर, दिल्ली, बंटी, सगळी नावं जिभेवर आली. कोणतंही सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं.

"माह्या दुकानात," तो म्हणाला. "मी जुने कोर न मोडता भंगारात देल्ले. तेच रंगवून परत आले. धावजीच्यावर माहे जुने ठिपके निंघाले. तुह्यावर नसतीनही. पण सुरुवात माह्याचपासून हाये."

बाबूसिंग केबिनमध्ये चढला. रहमतला वाटलं, आता हा परत खाली उतरणार नाही. तो उतरला तेव्हा त्याच्या हातात टायर ठोकून पाहायचा हातोडा होता.

"खाय तो प्रसाद," तो म्हणाला. "मंग कोर काढ अन् मले दे. मोडतो मी. तुह्यावर नाही सोडत आता."

रहमतनं नारळ खाल्ला आणि पाने घेऊन टर्बोखाली सरकला.