गॅसवरचं दूध

उन्हाळी शिबिरात एक कुजबुज वर्षानुवर्षं चालत आली होती. प्रमुख सरांचं आणि स्वयंपाकघरातल्या मावशींचं म्हणे कधीतरी कडाक्याचं वाजलंय. नाहीतर पहिल्या दिवशी मुलांना ओळख करून देताना सगळे स्टेजवर येतात, भांडी घासणारे काकासुद्धा केस चापूनचोपून येतात, मग मावशींनाच काय धाड भरते? कोणी म्हणे मिठावरून भांडण झालं, कोणी आणखी रंगवून सांगे.

यंदा मावशींचं शेवटचं वर्ष. सर स्वतः स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“मावशी, आज तरी चला.”

“गॅसवर दूध आहे, सर. उतू जाईल.”

“दुधाकडे मी बघतो.”

“तुम्ही?” मावशी हसल्या. “तुम्ही विसराल हो.”

एकोणीस वर्षं जिभेवर घोळवलेली माफी सरांनी याही वेळी गिळली आणि ते एकटेच परत फिरले.

भांडण कधी झालंच नव्हतं. पहिल्या वर्षी मावशी इस्त्रीचा नवा एप्रन घालून पडद्यामागे उभ्या होत्या. सरांनी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं आणि मावशींना बोलवायला ते विसरले.